पिल्लाचे पाय

"जरा कोमट पाणी मिळेल का?" ओगले बाईंनी विचारलं.

मी धावले. पुण्याहून एस.टी.नं एवढ्या लांब आलेल्या, घसा धरला असेल, अशा समजुतीनं मी हॉस्टेलच्या मेसमधून चांगलं पेलाभर पाणी आणलं, वर बशी झाकून. बाईंनी पेला घेतला, त्यात बारीक कुंचला बुडवला आणि माझ्या रातकिड्याच्या पुढच्या पायाच्या मुळाशी, जिथं पाय छातीला मिळतो तिथं, एक थेंब सोडला. मग पेला माझ्या हातात परत दिला.

"आता थांबू या थोडं," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत आम्ही चौघंच होतो. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून मुद्दाम आलेल्या डॉ. ओगले बाई, आम्हाला कीटकशास्त्र शिकवणारे हुद्दार सर, मी आणि माझी मैत्रीण शैला घाटगे. सर गालातल्या गालात हसत होते. बाई किडा मऊ करून पाय नीट न्याहाळणार असतील, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. शैला खिडकीपाशी नखं खात उभी होती. माझ्या काळजीनं खात असेल, असं मी धरून चालले.

ही गोष्ट मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची, म्हणजे मला माणसांपेक्षा किडे अवघड वाटायचे तेव्हाची.

हुद्दार सर वर्षभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगायचे. "किड्याचं नाक कुठं असतं, असं विचारू नका. वास घ्यायचं काम कोण करतं, ते विचारा." माशी पायांनी चव घेते. नाकतोड्याचा कान त्याच्या पोटाच्या बाजूला. मधमाशीच्या मागच्या पायाला परागकण वाहून न्यायची टोपली. आणि रातकिडा गातो पंखांनी, एका पंखाची दातेरी शीर दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासून, पण ऐकतो पुढच्या पायांनी. गुडघ्याच्या जरा खाली एक लंबगोल पडदा असतो, तोच त्याचा कान. सुट्टीत घरी गेल्यावर मी हे वडिलांना ऐकवलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे त्याचा कान पिळायचा तर खाली वाकायला हवं." वडिलांचं वेंगुर्ल्याला वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. थट्टा करून झाल्यावर त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. पुण्याच्या संस्थेत संशोधनाची जागा मिळाली तर खुशाल शीक. नाही मिळाली तर कुडाळच्या स्थळाला होकार कळवायचा. मी कबूल केलं. आमच्या कॉलेजातून एकाचंच नाव जाणार होतं आणि ते हुद्दार सर देणार होते. माझे मार्क शैलापेक्षा जास्त होते.

शैला गडहिंग्लजकडची. त्या बाजूच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तशी तीही बोलायची, आणि पहिल्या वर्षी मी त्यावरून तिची यथेच्छ खेचली. ती रागावली नाही. उलट मी मालवणीत घरच्यांशी फोनवर बोलले की ती साऱ्या हॉस्टेलला नक्कल करून दाखवायची. आमची खोली एक, तेलाची बाटली एक, आणि दोघींत मिळून एक बरं स्वेटर होतं. थंडीत जिची परीक्षा तिनं ते घालायचं.

दिवाळीनंतर आंबा घाटात आमची सहल गेली. सूर्य कलला तशी झाडीतून किरकिर सुरू झाली आणि एका कुजक्या ओंडक्याखाली मला तो रातकिडा सापडला. नर होता, काळपट, पंखांवर पिवळी रेघ. तशी रेघ मी आधी कधी पाहिली नव्हती. मी त्याला बाटलीत घेतला, आणि परतीच्या गाडीतच मला हुडहुडी भरली. हॉस्टेलवर पोचेपर्यंत मी तापानं फणफणले होते.

आता आमच्याकडे सरांचे दोन कडक नियम होते. पहिला म्हणजे ज्यानं किडा पकडला त्यानंच तो टाचायचा. त्याच्या पाठीत उजव्या अंगाला टाचणी घालायची, पाय पसरून सुकवायचे आणि खाली आपल्या नावाची चिठ्ठी लावायची. दुसरा नियम मोडतोडीचा. टाचताना पाय किंवा मिशी मोडली तर मोडली, ती किड्याला परत चिकटवायची नाही. त्याच टाचणीवर खाली कागदाचा तुकडा खोचायचा आणि मोडलेला भाग त्यावर ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं. "किड्याला प्लास्टर घालणारा विद्यार्थी माझा नाही," सर म्हणायचे. त्यांनी एका मुलाला एवढ्यावरून वर्गाबाहेर काढलेलं आम्ही पाहिलं होतं.

"बाटलीत कुजंल की तो," शैला माझ्या उशाशी बसून म्हणाली. "मी टाचतो. चिठ्ठीवर तुझंच नाव घालतो."

"सरांना सांगायला हवं."

"सांगायचं काय त्यात? तुझं डोकं तापलंय आणि सर वर आणखी तापवतील. गप पड."

मी गप पडले. त्या तापात ती माझ्या कपाळावर घड्या ठेवत होती, मेसमधून पेज आणत होती, आणि मधल्या वेळात जाऊन माझा किडा टाचून आली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. बरी होऊन मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा तो पेटीत इतका सुरेख बसला होता की मला तिचा हेवा वाटला.

मग मी तो भिंगाखाली धरला आणि कान शोधू लागले. उजव्या पायाला नव्हता. डाव्या पायालाही नव्हता. गुडघ्याखाली नुसती गुळगुळीत नळी.

मी शैलाला हाक मारली. "शैले, हा बहिरा आहे."

"आं?"

"याला गायचे पंख आहेत आणि ऐकायचे कान नाहीत. बघ तू."

तिनं भिंगातून पाहिलं. फार वेळ पाहिलं. "असंल काहीतरी," ती म्हणाली. "घाई करू नको. सरांना इतक्यात सांगू नको."

पण सर माझ्या मागंच उभे होते. त्यांनी मला बाजूला सारलं, पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. त्यानंतर त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. गाणारा आणि बहिरा रातकिडा. स्वतःचं गाणं ज्याला ऐकू येत नाही, तो कुणासाठी गातो? मादीला कान असतील का? ही वेगळी जात असेल का? सरांनी पुण्याला ओगले बाईंना कळवलं. मी कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून त्या किड्याची चित्रं काढली, प्रत्येक काटा, प्रत्येक शीर. शैला माझ्यासाठी चहा करायची. "पुण्याला गेलीस की मला विसरशील," असं म्हणायची आणि मी म्हणायचे, "आधी मी जाते, मग तुला ओढून घेते." हे मी मनापासून म्हणत होते. तिच्या घरी तिच्या चुलत्यानं लग्न ठरवायचा घाट घातला होता, आणि परीक्षा झाली की तिला परत बोलावणार होते, हे मला ठाऊक होतं.

तर आता ओगले बाई पाण्याचा थेंब सोडून शांत बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी चिमटा उचलला आणि पाय अगदी हळू ओढला. तो सुटून आला. त्याच्या टोकाशी पातळ, चिकट तार लोंबत होती.

"डिंक," बाई म्हणाल्या.

सरांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाही.

बाईंनी दुसऱ्या पायावर थेंब सोडला. तोही सुटला. त्यांनी दोन्ही पाय काचपट्टीवर ठेवले, भिंग त्यांच्यावर आणलं आणि मला जवळ बोलावलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"काटे बघ. किती मऊ आहेत, आणि रंग बघ. बाकीच्या अंगाशी जुळतो का?"

"नाही," मी म्हणाले.

"हे पाय पिल्लाचे आहेत. दुसऱ्या कुठल्यातरी थोराड जातीच्या पिल्लाचे, म्हणून मापात बसले. पिल्लाला कान नसतात बाळ. शेवटची कात टाकली की मग येतात. हे तर तुम्हाला बी.एस्सी.लाच शिकवतात ना?"

शिकवतात. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. पण एका किड्याच्या अंगावर दुसऱ्याचे पाय असतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही, आणि सरांच्याही नाही. आमच्यात तसं कुणी करतच नव्हतं.

सर चिठ्ठीकडे बघत होते. चिठ्ठीवर माझं नाव होतं. "सुलभा रेडकर," त्यांनी मोठ्यानं वाचलं, जणू मला पहिल्यांदाच भेटत होते. "टाचणी तू लावलीस?"

मी शैलाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, मी वाटच पाहिली. तिनं फक्त एवढंच म्हणायचं होतं की सर, ही तापानं पडली होती, टाचला मी. मी ते तिच्या आधी बोलले नाही, कारण ते तिचं वाक्य होतं. मी बोलले असते तर ती चुगली झाली असती आणि ती बोलली असती तर ती मैत्री. असला बावळट हिशेब त्या वयातच सुचतो. शैला खिडकीबाहेर बघत राहिली.

"जा तुम्ही दोघी," सर म्हणाले. "उद्या सकाळी माझ्या खोलीत ये, सुलभा."

जिन्यात मी तिला धरायला वळले तर ती नव्हती. खोलीवरही नव्हती. मी कॉटवर पडून राहिले आणि ती कुठंतरी एकटी रडत असेल, या विचारानं मलाच तिची काळजी लागली. आज हे लिहिताना मला माझ्याच त्या काळजीची चीड येते.

ती आली दिवेलागणीला. डोळे सुजलेले. आली ती सरळ माझ्या पायांशी बसली.

"मी मोडलं," ती म्हणाली. "टाचताना एक मोडला. तो सरळ करायला गेलो तर दुसरा. आणि दोन्ही टेबलावरनं कुठं उडालं काय की. लई हुडकलं. तू हिकडं तापात बरळत हुतीस, माझा रातकिडा, माझा रातकिडा म्हणून. तुला कुठल्या तोंडानं सांगू? तिथं स्पिरिटच्या नळीत एक पिल्लू पडलं हुतं. त्याचं पाय काढलं आणि डकवलं. तुझ्यासाठी केलं गं. कान आहे का न्हाई, माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

"आणि मी भिंगातून बघितलं तेव्हा? तेव्हा का नाही बोललीस?"

"सर मागं हुतं की. तुला म्हणलं न्हवं, घाई करू नको?"

"त्यानंतर दोन-तीन महिने गेले, शैले."

"रोज सांगायचं ठरवायचो. तू रोज आणखी एक चित्र काढायचीस." ती रडू लागली. खरं रडत होती. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन, आणि त्यामुळंच पुढचं मला जास्त लागलं.

मी तिच्यावर ओरडले. मग थकले. माझी पुण्याची जागा गेली, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी तेच म्हणाले. तेव्हा तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि परकराच्या कनवटीतून कागदाची घडी काढली. किडे तात्पुरते ठेवायला आम्ही तिकोनी घड्या करायचो, तसली. तिनं ती माझ्या तळहातावर उघडली.

आत दोन पाय होते. काळपट, काटेदार, सुकलेले. दिव्याजवळ नेऊन तिरके धरले तर गुडघ्याखाली फिकट ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता.

"दुसऱ्या दिवशी झाडताना घावलं," ती म्हणाली. "जपून ठेवलंय. हे सरांकडं घेऊन जा. मोडलेली टोकं जुळत्यात का बघा म्हणावं. जुळत्यात. म्हंजी खरे पाय हे, आणि कुणी मोडलं ते मी सांगतो."

"तू सांगशील?"

"तू म्होरं हो. मी मागनं येतो. मी सरांम्होरं सगळं कबूल करतो. मला काय, तसंबी घरीच जायचंय."

माझ्या मनावरचं मणभर ओझं उतरलं. गोष्ट साधी होती. किडा नवा नव्हता, जात नवी नव्हती, पण मी फसवलेलं नव्हतं, आणि माझी चित्रं खरी होती, जे समोर होतं तेच मी काढलं होतं. सर रागावतील, पण समजून घेतील. पुण्याची जागा कदाचित अजूनही जाणार नाही. मी शैलाला जवळ घेतलं. "तुला घरी नाही पाठवत मी," म्हणाले. आम्ही दोघी त्या दिवशी एकाच ताटात जेवलो. माझं चित्त इतकं निवांत झालं की पडल्या पडल्या झोप लागली.

सकाळी मी साडी नेसले. परकर-ओढणीत सरांसमोर जायला नको वाटलं. शैला केस धूत होती. "हो म्होरं, आलोच," असं तिनं न्हाणीघरातून सांगितलं.

सरांची खोली प्रयोगशाळेच्या टोकाला होती. दार उघडंच होतं. सर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. ओगले बाई पहाटेच्या गाडीनं गेल्या होत्या. मी दारात उभी राहिले. घडी माझ्या पदराआड, मुठीत होती.

"आत येऊ का, सर?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "ते पाय आणलेस ना? ठेव इथं."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी घडी अजून दाखवली नव्हती. ती माझ्याकडे आहे, हे माझ्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं.

"शैला येऊन गेली का?" मी विचारलं.

"काल दुपारी. तुम्ही खाली गेलात, त्यानंतर थोड्याच वेळात ती वर आली. रडत होती बिचारी. तुझ्या कंपासपेटीत तिला हे पाय दिवाळीनंतरच दिसले होते म्हणे. तिनं तुला खूप समजावलं, आणि तू ऐकलं नाहीस." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मैत्रिणीविरुद्ध बोलायला धैर्य लागतं, सुलभा."

दुपारी. घडी तिनं मला दिवेलागणीला दिली होती. म्हणजे दुपारी ती इथं बसून हे सगळं सांगून गेली, आणि मग खोलीवर येऊन तिनं ते पाय माझ्या हातावर ठेवले. मी तिला जवळ घेतलं, ताटातला भात तिच्याकडे सारला, तेव्हा ते सगळं आधीच ठरलेलं होतं. तिनं केसानं माझा गळा कापला होता आणि मी तिचे डोळे पुसत बसले होते.

मी घडी टेबलावर ठेवली. सरांनी ती उघडली, किडा पेटीतून काढला, आणि चिमट्यानं एक पाय उचलून छातीवरच्या मोडलेल्या खुंटाशी नेला. भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग दुसरा पाय नेला.

"जुळतात," ते म्हणाले. "आणि कान आहेत दोन्हीकडे. साधा रातकिडा आहे." भिंगावरून डोळा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. "खरे पाय ज्यानं मोडले त्याच्याचकडे असणार, एवढं मलाही कळतं. पण तू ते टाकून का दिले नाहीस, हे नाही कळलं."

"सर, टाचणी शैलानं लावली," मी म्हणाले. आदल्या दिवशी बोलले नव्हते ते आता सगळं एकदम बाहेर पडलं. "मी तापानं पडले होते. पाय तिनं मोडले, पिल्लाचे तिनं चिकटवले. हे पाय माझ्याकडे कधीच नव्हते. काल संध्याकाळी तिनंच ते मला आणून दिले. तिनंच सांगितलं, सरांना दाखव म्हणून. ती मागून येतेय, तुम्ही तिलाच विचारा."

मी दाराकडे पाहिलं. बाहेर प्रयोगशाळा रिकामी होती. सरांनी पाय परत कागदात ठेवले, घडी घातली आणि ती आपल्या खणात टाकली.

"तू असं म्हणशील," ते म्हणाले, "हेही तिनं मला कालच सांगितलं होतं."